कुठले ओ तुम्ही?

मागच्या नाताळात आमच्या बेळगावच्या मंडळीच्या उपासनेला एक पाहुणा आला होता. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत तो काम करतो, आणि त्याच्याबरोबर कामाला असलेल्या आमच्या मंडळीतील एका तरुणाने त्याला आणले होते. उपासना झाल्यावर मंडपात चहा चालू असता एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मोठ्या आपुलकीने त्याला इंग्रजीत विचारले, आपण आफ्रिकेतल्या कोणत्या देशाचे? तो म्हणाला, "खानापूर तालुक्यातला ओ मी." सगळे हसले. तोही हसला. मीही हसले, हे आधीच लिहून टाकते. पुढे जे लिहायचे आहे ते दुसऱ्यांना बोल लावण्यासाठी आहे असे कोणी समजू नये.

तो सिद्दी आहे, आणि धर्माने रोमन कॅथलिक. दोन महिन्यांपूर्वी तो आमच्या घरी आला. चार कामगारांत मिळून एका खोलीत तो राहतो. बायको आणि दोन मुले रानातल्या वस्तीवर आहेत. मोठीची शाळा आता लांब पडते, म्हणून सगळ्यांना बेळगावात आणावे असा त्याचा विचार. आमच्या गल्लीत एक खोली रिकामी आहे, मालक आमच्याच मंडळीचे. भाडे त्याला परवडण्यासारखे आहे. पण बायको नको म्हणते. बाजाराला आली की लोक वळून बघतात, पोरे मागे लागतात, एकदा तर कोणी मुलीच्या केसांना हात लावून पाहिला, हे तिने सांगितले आहे. वस्तीवर तिच्याकडे कोणी दुसऱ्यांदा बघत नाही.

"आम्हाला तुमच्या गल्लीत राहू देतील काय ओ बाई?" त्याने विचारले.

मी म्हटले, देवाच्या घरी कोणी रंग बघत नाही.

तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "देवाच्या घरचं नाही बाई, गल्लीचं विचारतोय."

तीस वर्षे शब्बाथशाळा घेतलेल्या बाईला यावर उत्तर सुचले नाही. तेव्हापासून हा प्रश्न मनात घोळतो आहे, म्हणून वाचकांपुढे ठेवते.

सिद्दी लोकांचे पूर्वज पूर्व आफ्रिकेतले. काही अरब व्यापाऱ्यांबरोबर आले, पुष्कळांना पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणून विकले. मालकांच्या जाचातून जे निसटले ते घाट चढून यल्लापूर, हल्याळ, खानापूरकडच्या रानात शिरले आणि तिथेच शेती, मजुरी, मध-सरपण यांवर जगू लागले. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. घरात कोकणी बोलतात. बाजारात कानडी आणि मराठी. आपल्या इतिहासातही ते परके नाहीत. गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. आज छत्रपती संभाजीनगर म्हणतात ते शहर त्याने १६१० मध्ये खडकी या नावाने वसवले. जंजिऱ्याच्या सिद्दींचे संस्थान १९४८ पर्यंत टिकले. पण मलिक अंबराच्या पुण्याईवर बेळगावात कोणाला खोली मिळत नाही.

१९८७ च्या सुमारास सरकारच्या क्रीडा खात्याला सिद्दी मुलांची आठवण झाली. आफ्रिकेच्या रक्ताचे आहेत, तेव्हा धावतील, या हिशेबाने मुलामुलींना निवडून शिबिरांत नेले. काहींनी नाव काढले. काही वर्षांनी योजना गुंडाळली गेली. त्या खात्याचा हेतू वाईट नव्हता. आमच्या त्या वडीलधाऱ्या गृहस्थांचाही नव्हता. पण दोन्हीकडे माणसाच्या आधी कातडीशी बोलणे झाले.

आता आपण सीमाभागातले लोक. "तुम्ही कुठले?" हा प्रश्न किती बोचतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव, खानापूर, निपाणी तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. १९६७ मध्ये महाजन आयोगाचा अहवाल आला, २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि माझ्या पिढीचे केस पांढरे झाले तरी आपण कोणाचे याचा निकाल लागलेला नाही. इकडे आपल्याला मराठी म्हणून बाजूला काढतात, आणि पुण्याला गेलो तर बोलण्यातला हेल ऐकून "कर्नाटकातले का?" म्हणतात. मग ज्याला या प्रश्नाचा चटका माहीत आहे, त्यानेच तो दुसऱ्याला का विचारावा? माझे आजोबा निपाणीहून तंबाखूच्या वखारीतले काम सोडून बेळगावला आले. म्हणजे या गावात आमच्या तीन पिढ्या झाल्या. त्याच्या मागे खानापूरच्या रानात किती पिढ्या आहेत हे त्याला मोजता येत नाही. तरी मला कोणी विचारत नाही आणि त्याला रोज विचारतात. फरक फक्त दिसण्याचा आहे.

सीमारेषेचा छळ तर त्यांनी आपल्यापेक्षा वेगळा भोगला. २००३ मध्ये सिद्दींना अनुसूचित जमातीत घेतले ते फक्त उत्तर कन्नड जिल्ह्यापुरते. हल्याळ तालुक्यातला भाऊ जमातीत आला. रेषेअलीकडे खानापुरात राहणारी बहीण राहिली बाहेर. २०२० च्या कायद्याने बेळगाव आणि धारवाड जिल्हे त्यात घातले गेले. एकच रक्त, एकच रान, आणि मध्ये सतरा वर्षे.

कोणी म्हणेल, ज्याने त्याने आपल्यासारख्यांत राहावे, त्यातच सुख. हे म्हणणे मी अगदी टाकाऊ समजत नाही. आपल्यासारख्या चेहऱ्यांत माणूस निर्धास्त असतो, आणि त्या बाईला वस्ती सोडवत नाही यात तिची काही चूक नाही. पण "आपल्यासारखे" म्हणजे कोण, हे ठरवणे वाटते तितके सोपे नाही. याचा एक दाखला आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासातच आहे, आणि आपण तो विसरलो आहोत.

नाशिकजवळचे शरणपूर सर्वांना माहीत आहे. चर्च मिशनरी सोसायटीच्या प्राइस साहेबांनी १८५४ च्या सुमारास ते वसवले. त्या काळी इंग्रजांचे आरमार अरबी समुद्रात गुलामांची गलबते पकडीत असे आणि सोडवलेल्या मुलांना मुंबईस उतरवीत असे. त्यांतली पुष्कळ मुले शरणपुरास आली. तिथे ती लिहावाचायला, सुतारकाम-लोहारकाम करायला शिकली, बाप्तिस्मा घेऊन मंडळीत आली. १८६६ मध्ये डॉ. लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या शेवटच्या प्रवासाला निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर या शाळेतले नऊ तरुण होते. १८७३ मध्ये त्या थोर माणसाचा अंत झाला, तेव्हा ज्या झाडाखाली त्यांचे हृदय पुरले त्या झाडावर अक्षरे कोरणारा जेकब वेनराइट हा नाशिकच्याच शाळेचा विद्यार्थी. पुढल्या वर्षी लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये शवपेटी धरणाऱ्यांतही तो होता.

पुढे १८७५ मध्ये मोंबासाजवळ सोडवलेल्या गुलामांसाठी फ्रीअर टाउन नावाची वसाहत उभी राहिली, प्राइस साहेबांच्याच हाताने, आणि मुंबईचे पूर्वीचे गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर यांच्या नावाने. तिथे काम करायला नाशिककडची ही मंडळी बोलावण्यात आली. सर्वांना वाटले असेल की ही आता आपल्या घरी निघाली. चेहरा त्यांचाच, केस त्यांचेच, भूमीही तीच. पण तिथल्या लोकांनी त्यांचे कपडे पाहिले, बोलणे ऐकले, आणि त्यांना परके ठरवले. तिथे त्यांना नाव पडले 'मुंबईचे आफ्रिकन'. इथे असताना आफ्रिकन आणि तिथे गेल्यावर मुंबईचे! गोऱ्या मिशनऱ्यांनीही त्यांना बरोबरीचे मानले असे नाही. पगारावरून आणि अधिकारावरून तंटे झाले. तरी त्यांच्यातलेच विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर यांना १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टन यांनी डीकनची दीक्षा दिली. त्याच वर्षी युगांडाच्या वाटेवर बिशपांचा वध झाला, तेव्हा वाचलेल्या माणसांचा तांडा शेकडो मैल परत घेऊन येणारा हाच जोन्स. ज्यांच्या वाटा चुकल्या त्यांना घरी पोचवणारा हा माणूस स्वतः कोणत्या गावाला घर म्हणत असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

तेव्हा दिसण्यासारखे दिसले म्हणून घर मिळते असे नाही. मग ते कशाने मिळते? मला वाटते, आधीपासून राहणारे जागा करून देतात तेव्हा. येणाऱ्याने कितीही भाषा शिकावी, कितीही वाकून राहावे, बाकावर आधी बसलेला सरकला नाही तर तो उभाच राहणार. आपण उपदेश मात्र नेहमी येणाऱ्यालाच करतो, की धीर धर, मिसळून राहा, मनाला लावून घेऊ नकोस. मीही त्या दिवशी तेच करायला निघाले होते.

पवित्र शास्त्रात कूशी लोक आहेत हे आपण मुलांना कितीदा सांगतो? यिर्मया चिखलाच्या विहिरीत खचत असता यरुशलेमचे सरदार स्वस्थ होते. राजाकडे जाऊन त्याच्यासाठी बोलला तो एबद-मलेख कूशी. दोरांनी त्याच्या काखा सोलू नयेत म्हणून आधी जुन्या चिंध्या सोडण्याइतके त्याचे लक्ष होते. फिलिप्पाच्या गोष्टीत आपण नेहमी म्हणतो की फिलिप्पाने कूशी अधिकाऱ्याला समजावले. पण रथ कोणाचा होता? "वर या, जवळ बसा" असे कोण म्हणाले? अंत्युखियाच्या मंडळीच्या शिक्षकांत शिमोन होता, त्याला निग्र, म्हणजे काळा, म्हणत. त्याच मंडळीने बर्णबा आणि शौल यांच्यावर हात ठेवून त्यांना पाठवले.

आणि मिर्याम. मोशेने कूशी बायको केली म्हणून ती आणि अहरोन त्याच्याविरुद्ध बोलू लागले. त्यांना तिच्या रंगाचा राग होता असे वचनात म्हटलेले नाही, ते मीही म्हणणार नाही. पण मिर्यामला जी शिक्षा झाली ती पाहा. ती कोडाने बर्फासारखी पांढरी झाली.

इथे मला माझे स्वतःचे सांगितले पाहिजे. शब्बाथशाळेच्या शिक्षकांना अक्षरांविना पुस्तक ठाऊक आहेच. काळे पान म्हणजे पाप, तांबडे म्हणजे प्रभूचे रक्त, पांढरे म्हणजे शुद्ध झालेले मन, सोनेरी म्हणजे स्वर्ग. स्पर्जन साहेबांच्या १८६६ च्या एका उपदेशातून ते निघाले. सोनेरी पान मागाहून आले. मी ते किती मुलांना दाखवले याची गणती नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या वर्गात एक सिद्दी मुलगी येत असे, वसतिगृहातल्या मैत्रिणीबरोबर. मी काळे पान उघडून म्हटले, "हे बघा, पापी मन असे असते." आणि सगळी मुले तिच्याकडे वळून बघू लागली. ती काही बोलली नाही. मी पान उलटले. पुढच्या रविवारी ती आली, त्याच्या पुढच्याही. नाताळच्या गाण्यातही होती. त्यामुळे मी विसरूनही गेले.

यशयाने पापाला लाखेसारखे, किरमिजासारखे म्हटले आहे. म्हणजे तांबडे! अंधाराची उपमा शास्त्रात आहे, मी नाकारत नाही, पण अंधार हा काही कोणाच्या अंगाचा रंग नव्हे. काळ्याचा तिटकारा आपल्या मराठीच्या हाडात आहे असेही नाही. आपल्या शेजाऱ्यांनी पंढरीच्या देवाला शेकडो वर्षे सावळा म्हणून आळवले. तरी १ नोव्हेंबरला आपण 'काळा दिवस' म्हणतो, आणि आपल्याच ख्रिस्ती वधूवरांच्या जाहिरातींत गोरा, निमगोरा, गव्हाळ एवढेच वर्ण असतात. काळा वर्ण मी तिथे कधी छापलेला पाहिला नाही. काळी मुले मात्र आपल्या प्रत्येक घरात आहेत.

त्या खोलीच्या मालकांकडे मी गेले होते. भली माणसे आहेत, मंडळीच्या प्रत्येक कामात पुढे. त्यांनी चहा दिला. भाड्याची अडचण नाही, म्हणाले. तो मनुष्य सज्जन दिसतो. पण बाकीचे भाडेकरू काय म्हणतील ते विचारून बघतो. मी विचारले, मी खोली मागितली असती तर भाडेकरूंना विचारले असते का? ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाई, तुम्ही अडचणीत टाकता." मी म्हटले, मी स्वतःही त्याच अडचणीत आहे.

शाळा जूनमध्ये सुरू होतील. तो दर रविवारी संध्याकाळी फोन करतो, खोलीचे विचारत नाही, तब्येतीचे विचारतो. परवा त्याला म्हटले, बायकोला आणि मुलांना एक दिवस आमच्याकडे जेवायलाच घेऊन या, गल्ली तिला बघू द्या. खोली घ्यायची की नाही ते तिने ठरवावे. तो म्हणाला, तिला विचारून सांगतो. काळे पान मी पुस्तकातून काढून ठेवले आहे. त्याच्या जागी काय लावावे हे अजून सुचलेले नाही, कोणा शिक्षकाला सुचले तर जरूर कळवावे.