लेकराच्या वतीने ‘होय’ कोणी म्हणायचे?



काही दिवसांपूर्वी रविवारची मिस्सा संपल्यावर एक तरुण दांपत्य आपले तान्हे बाळ घेऊन आम्हाला भेटायला आले. सोबत बाळाची आजी होती. तिने पिशवीतून नवे पांढरे झबले काढून दाखवले आणि म्हणाली, “फादर, लेकराच्या बाप्तिस्म्याची तारीख द्या.” बाळाचे वडील मात्र बाजूला गप्प उभे होते. आम्ही विचारल्यावर ते म्हणाले, “फादर, त्याला मोठा होऊ द्या. समजायला लागलं की त्याचं त्याला ठरवू द्या. त्याला न विचारता आपण कसं ठरवायचं?”

आजीला हे मुळीच रुचले नाही. “आणि तोवर लेकराचं काही बरं-वाईट झालं तर?” असे तिने विचारले. आजीने १९९३ चा भूकंप पाहिलेला आहे. ३० सप्टेंबरच्या त्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र संपता संपता, आपल्याच तालुक्यातल्या किल्लारीत आणि आजूबाजूच्या गावांत हजारो माणसे झोपेतच दगडमातीच्या घरांखाली गाडली गेली. ज्यांनी ते पाहिले त्यांना “पुढे बघू” हे शब्द सोपे वाटत नाहीत. आजी मुलाला म्हणाली, “जवानांनी ढिगाऱ्यातून लेकरं काढली, तेव्हा त्यांना विचारून काढली होती का?”

त्या घरातला हा वाद त्यांच्या परवानगीने आम्ही इथे मांडत आहोत. कारण तो एकाच घरातला नाही.

प्रथम आजीच्या भीतीविषयी. बाप्तिस्मा न होता दगावलेल्या बाळांचे काय होते, या प्रश्नाने अनेक आयांनी आयुष्यभर मनातल्या मनात अश्रू ढाळले आहेत. २००७ साली व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने यावर एक दस्तऐवज प्रसिद्ध केला. अशी बाळे परमेश्वराच्या दयेने तारली जातील अशी आशा बाळगायला भक्कम आधार आहे, असा त्याचा निष्कर्ष आहे. म्हणून बाप्तिस्मा लवकर द्यावा हे खरे, ख्रिस्तसभेचा नियमही जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत तो द्यावा असेच सांगतो. परंतु तो भीतीपोटी मागायचा संस्कार नव्हे. “पोरगा कामावर गेला की मी गुपचूप आणते” असेही आजी हळूच म्हणाली. तिला आम्ही समजावले की बाळाच्या जिवाला धोका नसेल तर आईवडिलांपैकी किमान एकाची संमती लागते, आणि मूल कॅथलिक श्रद्धेत वाढवले जाईल अशी रास्त आशाही असावी लागते. आजीचे प्रेम कितीही मोठे असले तरी ते त्या संमतीची जागा घेऊ शकत नाही.

आता वडिलांचा प्रश्न. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना या प्रश्नावर आम्ही तासन्‌तास चर्चा केली होती, त्यामुळे उत्तर आमच्या ओठांवर तयार होते. आम्ही म्हणालो, “बाळाला मराठी तरी तुम्ही कुठे विचारून शिकवणार आहात? कोणती भाषा बोलायची ते मोठा झाल्यावर ठरव, असे म्हणून कोणतीच भाषा शिकवली नाही, तर मूल स्वतंत्र होत नाही, मुके राहते. पुढे त्याला तुमच्याशी भांडायचे असले, तरी ते तुम्हीच दिलेल्या शब्दांत भांडेल. श्रद्धेचेही तसेच आहे.”

त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, “खरं आहे, फादर. पण मराठी बोलल्याबद्दल कुणाला काही गमवावं लागत नाही.”

आणि मग त्यांनी आपली कथा सांगितली. लहानपणापासून त्यांची दोन नावे. चर्चमध्ये एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे. धर्माच्या रकान्यात काय लिहायचे यावरून घरात दर वर्षी कुजबुज. आपल्यापैकी पुष्कळांना हे सांगायला नको. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली त्यात शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती झालेल्या दलिताला तो दर्जा आजही नाही. गावकुसाबाहेरचे घर तेच राहिले, मजुरी तीच राहिली, केवळ दाखला बदलला. ते तरुण वडील म्हणाले, “माझी श्रद्धा आहे, फादर. पण माझ्या लेकराचं आयुष्य दोन नावांनी सुरू व्हावं असं मला वाटत नाही. किंमत त्यानं मोजायची आणि ‘होय’ मी म्हणायचं, हे बरोबर आहे का?”

भाविकांनो, या प्रश्नापुढे आमचे तयार उत्तर अपुरे पडले. हा प्रश्न पळवाट नव्हता. तो एका प्रामाणिक बापाचा प्रश्न होता, आणि ज्याला त्याची झळ बसलेली नाही अशाने त्याला घाईने उत्तर देऊ नये.

तरी विचार करायला हवाच. पहिली गोष्ट अशी की, न ठरवणे हाही एक निर्णयच असतो, आणि तोही मुलाला न विचारताच घेतला जातो. संत मोनिकाने आपल्या मुलाचा बाप्तिस्मा लांबणीवर टाकला होता. पुढे तोच मुलगा संत ऑगस्टीन म्हणून जगाला माहीत झाला. बाप्तिस्मा झाला तेव्हा, इ. स. ३८७ मध्ये, तो तिशी ओलांडून गेला होता, आणि आपल्या आत्मकथनात त्याने त्या दिरंगाईबद्दल खेद व्यक्त केला आहे. आईवडील ठरवोत वा न ठरवोत, त्याचे परिणाम मुलाच्या वाट्याला येतातच. आपण कोणत्या शाळेत घालतो, ऊसतोडीला सोबत नेतो की गावी ठेवतो, यांतले काहीच आपण बाळाला विचारत नाही. तेव्हा खरा प्रश्न, मुलाच्या वतीने ठरवावे की नाही, हा नाही. ठरवल्यानंतर आपण त्याच्याशी कसे वागतो, हा आहे.

या बाबतीत आपल्या महाराष्ट्रातल्या एका आईचे उदाहरण आठवते. पंडिता रमाबाई आपल्या कॅथलिक परंपरेतल्या नव्हत्या, तरी त्यांच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याच दिवशी त्यांच्या अडीच वर्षांच्या मुलीचा, मनोरमेचाही बाप्तिस्मा झाला. मनोरमेला कोणी विचारले नव्हते. त्यांच्या आध्यात्मिक माता सिस्टर जेराल्डीन यांच्याशी मात्र लवकरच मतभेद सुरू झाले. या मुलीला काय शिकवायचे, कोणी शिकवायचे, हा त्यातला एक मोठा मुद्दा होता. ज्यांना रमाबाई पत्रांतून प्रेमाने ‘आजीबाई’ म्हणत त्यांनाही, आपल्या लेकीच्या बुद्धीचा आणि विवेकाचा ताबा त्यांनी घेऊ दिला नाही. सिस्टरांचेही त्या मुलीवर निस्सीम प्रेम होते. दोन प्रेमळ बायका एका लेकरासाठी भांडत होत्या आणि दोघींपुढे एकच प्रश्न होता: हे मूल देवाला वाहिले, म्हणजे आता ते कोणाचे?

मनोरमा मोठी झाली, शिकली आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आईच्या कार्याला लागली. १९१२-१३ च्या सुमारास मायलेकींनी गुलबर्ग्याला, म्हणजे आजच्या कलबुरगीला, शाळा काढली आणि मनोरमेने ती चालवली. गुलबर्गा तेव्हा आपल्या औशाप्रमाणेच निजामाच्या राज्यात होते. १९२१ साली मनोरमा आईच्या आधी देवाघरी गेली आणि पुढच्याच वर्षी रमाबाई गेल्या. अडीच वर्षांची असताना आईने तिच्या वतीने जो ‘होय’ म्हटला होता, तो तिने आयुष्यभराच्या कामातून स्वतः म्हटला. तो कोणी तिच्याकडून वसूल केला नव्हता.

बाप्तिस्म्याच्या विधीकडे नीट लक्ष दिले तर हीच गोष्ट दिसते. आम्ही बाळाला काहीच विचारत नाही. विचारतो ते आईवडिलांना आणि धर्ममातापित्यांना. सैतानाचा धिक्कार करता काय, देवावर विश्वास ठेवता काय, या मुलाला श्रद्धेत वाढवण्याची जबाबदारी ओळखता काय? ‘होय’ म्हणणारे सगळे मोठे. बाळ त्या वेळी झोपलेले असते, नाहीतर पाण्याने दचकून रडत असते. त्याने कोणतेही वचन दिलेले नाही. पुढे दृढीकरणाच्या वेळी ते स्वतःच्या तोंडाने बोलेल. तोवर वचनाने बांधलेले आहोत ते आपण. बाळाला त्या दिवशी केवळ मिळते. काही न कमावता, काही न मागता त्याला देवाचे मूल म्हणून स्वीकारले जाते. ढिगाऱ्यातून काढलेल्या लेकरांबद्दल आजी जे म्हणाली, त्यात हे सत्य होते. देवाची कृपा अर्ज तपासून येत नाही.

जुन्या करारातील हन्नाने नवसाने झालेला शमुवेल शिलोच्या मंदिरात एली याजकाच्या हाती सोपवला. देवाला वाहिलेले मूल तिने पुन्हा आपले म्हणून मागितले नाही. पण तिने त्याला टाकूनही दिले नाही. ती दर वर्षी त्याच्यासाठी एक छोटा अंगरखा शिवून नेत असे. गेल्या वर्षीचे माप या वर्षी चालत नाही हे कोणत्याही आईला कळते. मूल वाढले आहे हे मान्य करूनच तिला कापड बेतावे लागत असेल. अर्पण करणे म्हणजे हक्क सोडणे, पण काळजी न सोडणे.

आणि एलीचे काय? तो म्हातारा याजक मुलाला देवाची वाणी ओळखायला शिकवतो, आणि त्या मुलाच्या तोंडून पहिला निरोप येतो तो खुद्द एलीच्या घराविरुद्ध! आपली मुले चुकत असताना त्याने त्यांना आवरले नव्हते. शमुवेल सांगायला घाबरतो. एली मात्र म्हणतो की काही लपवू नकोस. या एका गोष्टीसाठी आम्हाला एलीविषयी आदर वाटतो.

आम्ही हे लिहितो त्याला कारण आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गात एका लहान मुलीने आम्हाला विचारले, “फादर, माझे बाबा आणि काका एकाच रांगेत परमप्रसाद घेतात, मग घरी बोलत का नाहीत?” शेताच्या बांधावरून चाललेला तो अबोला आम्हाला ठाऊक होता. दोघेही चर्चला येतात, दोघेही मदत करतात, म्हणून आम्ही त्याला हात घातला नव्हता. त्या मुलीला आम्ही काहीतरी सांगून वेळ मारून नेली आणि त्या रात्री आम्हाला एली आठवला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोन्ही घरी गेलो. बांध अजून तिथेच आहे, पण चहा एकत्र झाला. (हे घर कोणते याचा शोध घेऊ नये. अशी घरे आपल्या धर्मग्रामात एकाहून अधिक आहेत.)

प्रभू येशूने शिष्यांच्या मध्ये एक बालक उभे केले, ते केवळ त्याचे कौतुक करण्यासाठी नव्हे. शिष्य त्या वेळी आपल्यात मोठा कोण यावर वाद घालत होते. बालक त्यांच्यासमोर आरशासारखे होते. मुलांकडून शिकणे म्हणजे त्यांच्या गोड बोलण्यावर हसणे नव्हे. त्यांना आपण जे शिकवले, ते खरे मानून ती आपल्याकडे पाहतात, आणि ते सहन करणे हेच शिकणे.

आता त्या तरुण वडिलांकडे पुन्हा येऊ. आम्ही त्यांना तारीख दिली नाही आणि त्यांनी मागितलीही नाही. आम्ही एवढेच म्हणालो की तुमच्या बाळाने किंमत एकट्याने मोजू नये, हे तुमचे म्हणणे बरोबर आहे. ती आपण सर्वांनी वाटून घ्यायला हवी होती, आणि तुमच्या लहानपणी ती कोणी वाटून घेतली नाही, याबद्दल आम्हाला खेद आहे. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. निघताना बाळ आमच्या हातात दिले, चप्पल घातली आणि पुन्हा घेतले. पुढच्या रविवारी ते मिस्सेला आले होते.

तेव्हा प्रश्न आता आपल्यापुढे आहे. पुढच्या वेळी आपल्या चर्चमध्ये एखाद्या बाळाचा बाप्तिस्मा होईल आणि पास्काच्या मेणबत्तीवरून त्याची छोटी मेणबत्ती पेटवली जाईल, तेव्हा बाकावर बसलेले आपणही साक्षीदार असू. त्या बाळाच्या शाळेची फी, वसतिगृहाची सोय, दाखल्यासाठी तहसील कचेरीत कोणी सोबत जाणे, यांतले काही आपण उचलणार असू तरच आपल्या साक्षीला अर्थ आहे. या कामासाठी काय करता येईल हे ठरवण्यासाठी येत्या रविवारी मिस्सेनंतर आपण थोडा वेळ थांबू या. मुलांनाही सोबत थांबू द्या. आपण काय बोलतो ते त्यांनी ऐकावे आणि पुढे आपल्याला त्याची आठवण करून द्यावी.

प्रभू आपणा सर्वांना, विशेषतः आपल्या लेकरांना, आशीर्वाद देवो.

ख्रिस्तात आपले,
धर्मगुरू