जतन आणि जीर्णोद्धार

मनुष्य वस्तू निर्माण करतो ती उपयोगासाठी; परंतु ती दीर्घकाळ त्याच्या हाताखाली राहिली म्हणजे उपयोगाच्या हिशेबात न बसणारी एक ममता तिच्याविषयी त्याच्या मनात उत्पन्न होते. आजोबांचा अडकित्ता किंवा माजघरातील जुना झोपाळा बाजारात नेला तर फारसे दाम येणार नाहीत; तथापि तो मोडीत घालताना गृहस्थाचा हात अडखळतो. या ममतेतून एक नैतिक प्रश्न निघतो, आणि तो दिसतो तितका क्षुल्लक नाही. जुनी वस्तू जशीच्या तशी राखण्यात तिचा मान आहे, की तिच्यात आजचे सामर्थ्य घालून तिला चालती ठेवण्यात? पहिल्यास आपण जतन म्हणू, दुसऱ्यास जीर्णोद्धार.

या प्रश्नाचे ठळक उदाहरण अमेरिकेतील मोटारींच्या एका छंदात सापडते. फोर्ड कंपनीने १९३२ साली आठ सिलिंडरांचे जोरकस इंजिन सामान्य माणसाच्या ऐपतीच्या गाडीत बसविले. पुढे या गाड्या जुन्या होऊन स्वस्तात मिळू लागल्या, तेव्हा दक्षिण कॅलिफोर्नियातील हुन्नरी तरुणांनी त्या विकत घेऊन त्यांचे रूप पालटण्यास आरंभ केला. वजन घटावे म्हणून मडगार्डे उतरवावीत, वारा कमी अडावा म्हणून टप कापून खाली आणावा, इंजिनाची ताकद वाढवावी आणि म्युरॉकसारख्या कोरड्या तळ्याच्या सपाट भूमीवर ती गाडी पळवून पाहावी, असा हा उद्योग होता. या धावांची वेळ शिस्तीने मोजण्यासाठी १९३७ साली त्यांनी आपली संघटना स्थापिली. जानेवारी १९४८ मध्ये लॉस एंजेलिस येथे अशा गाड्यांचे प्रदर्शन भरले, आणि त्याच महिन्यात या छंदास वाहिलेल्या मासिकाचा पहिला अंक निघाला. या गाड्यांस ‘हॉट रॉड’ म्हणतात. आज तेथे गावोगावी, प्रांतोप्रांती त्यांची प्रदर्शने भरतात. मालक इंजिनावरचे झाकण उघडून अभिमानाने उभा राहतो, आणि पाहणारे लहानथोर त्या चकचकीत यंत्राभोवती घटकान्‌घटका रेंगाळतात.

त्यांना आनंद कशाचा होतो, हे पाहण्यासारखे आहे. केवळ जुनेपणाचा म्हणावे, तर गाडीतील निम्मे भाग नवे असतात. केवळ वेगाचा म्हणावे, तर प्रदर्शनात गाडी उभीच असते. माझ्या मते तो आनंद एका भेटीचा आहे. एका पिढीच्या कारागिराने केलेल्या कामावर दुसऱ्या पिढीच्या कारागिराने हात ठेवला आहे, आणि दोन्ही हात एकाच वस्तूत दिसत आहेत, ही ती भेट होय.

परंतु या आनंदाविरुद्ध एक आक्षेप आहे, आणि तो सबळ आहे. जुनी वस्तू हा भूतकाळाचा साक्षीदार असतो. साक्षीदाराच्या तोंडी आपले शब्द घातले की साक्ष बाद झाली. आपल्या देशाचा कायदा बहुतांशी याच बाजूचा आहे. मोटारीची मूळ रचना स्वेच्छेने बदलण्याची मुभा मालकास नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानेही तेच दृढ झाले. पुढे जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पुराण्या मोटारींसाठी स्वतंत्र नियम केले. पन्नास वर्षांहून अधिक वयाची, मूळ स्वरूपात राखलेली आणि सांगाडा, बांधणी वा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडीच त्या मानास पात्र ठरते. आणि मान मिळाल्यावरही तिने प्रदर्शन, संचलन, दुरुस्ती अशा कामांपुरतेच रस्त्यावर यावयाचे, रोजच्या वापरासाठी नव्हे. म्हणजे जी गाडी बदलली नाही तिचा सत्कार, पण तिने काम करावयाचे नाही. आणि जी काम करीत राहण्यासाठी बदलली तिचा सत्कार नाही. रस्त्यावरील इतरांच्या जीविताची काळजी पाहता कायद्याचे म्हणणे वाजवी आहे. पण कायद्याचे वाजवीपण आणि प्रश्नाचे उत्तर या दोन गोष्टी भिन्न आहेत.

भाग बदलले तरी वस्तू तीच राहते काय, हा विचार आपल्याकडे फार जुना आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदास विचारतो, की तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे काय? कणा म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो, आणि अखेरीस कबूल करतो की हे सर्व भाग मिळून जे होते त्यास व्यवहारात रथ हे नाव पडले आहे. ग्रीकांतही थीसियसच्या नौकेची कथा प्रसिद्ध आहे. कुजलेली फळी काढून नवी घालता घालता ती नौका जुनी राहिली की नवी झाली, यावर तेथील तत्त्वज्ञ वाद घालीत. जगन्नाथपुरीस तर हा प्रश्न आचारानेच सोडविलेला आहे. तेथील काष्ठमूर्ती ठराविक काळाने नव्या घडवितात, या विधीस नवकलेवर म्हणतात, आणि अलीकडचे नवकलेवर २०१५ साली झाले. काष्ठ नवे झाले म्हणून देव नवा झाला, असे कोणीही भाविक मानीत नाही.

या दाखल्यांतून एवढे दिसते की वस्तूचे एकत्व तिच्या लाकडालोखंडात नसून ती वापरणाऱ्यांच्या आणि तिच्याशी नाते ठेवणाऱ्यांच्या व्यवहारात असते. यावर कोणी म्हणेल की हे सारे तत्त्वज्ञान झाले. म्हणून आपल्या वऱ्हाडाकडेच वळू.

वऱ्हाडातील बंडीचे लाकडी चाक, त्याचा तुंबा, आरे आणि लोखंडी धाव ही सुताराची व लोहाराची कित्येक पिढ्यांची विद्या होती. रबरी टायरांची चाके आली आणि बैलांच्या मानेवरचा भार हलका झाला. तेव्हा बंडी मेली, असे शेतकऱ्याने म्हटले नाही. सुताराचे काम गेले हे दुःख खरे. परंतु ते दुःख चाकाचे नव्हे, माणसाचे आहे, आणि त्याचा विचार माणसाच्या बाजूनेच केला पाहिजे.

याहून बोलके उदाहरण शकुंतलेचे आहे. येथे कालिदासाची शकुंतला अभिप्रेत नाही. अमरावती जिल्ह्यातील अचलपुराहून अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापुरास आणि तेथून पुढे यवतमाळास जाणारी अडीच फुटी रुळांची गाडी अभिप्रेत आहे. वऱ्हाडच्या कापसासाठी एका खाजगी इंग्रज कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी हा मार्ग बांधविला. मँचेस्टरला १९२१ साली तयार झालेले वाफेचे इंजिन तिला १९२३ पासून ओढीत होते. १९९४ साली त्याच्या जागी डिझेलचे इंजिन आले. जीर्णोद्धाराचे याहून स्वच्छ उदाहरण कोणते? हृदय बदलले, पण नाव, रूळ, स्थानके आणि उतारू तेच राहिले. वाफेच्या भक्ताला त्या दिवशी हळहळ वाटली असेल, आणि ती खोटी नव्हे. तथापि दर्यापूर किंवा अंजनगावच्या ज्या गरिबाला थोडक्या भाड्यात बाजार गाठावयाचा होता, त्याच्या दृष्टीने गाडी आली की नाही हाच प्रश्न होता. आज ती गाडी धावत नाही. रूळ रुंद करून मार्ग जागता करावा, की जुन्या रुळांवर ती ठेवा म्हणून राखावी, असे दोन पक्ष आहेत, आणि दोघेही आपणच शकुंतलेवर प्रेम करतो असे म्हणतात.

येथे वस्तूवर हक्क सांगणारे तिघे दिसतात: वापरणारा, घडविणारा आणि पाहणारा. पाहणाऱ्याचा आनंद निष्पाप असला तरी त्याचा हक्क शेवटचा आहे. कारण जुनेपणाची गैरसोय त्याला सोसावी लागत नाही. दुसऱ्याच्या गैरसोयीवर आपली रसिकता पोसणे हे सभ्यपणाचे नव्हे. परंतु पाहणाऱ्याच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे, ती संख्येची. ज्या काळी फोर्डच्या त्या गाड्या भंगारवाल्याच्या अंगणात रांगेने पडलेल्या होत्या, त्या काळी त्यांतील एक कापणाऱ्या तरुणाने कोणाचे काही हिरावले नाही. आज मूळ स्वरूपातील गाडी विरळ झाली आहे. तीच कृती आज केली तर ती पुढच्या पिढीच्या ठेव्यास हात घालणारी ठरेल. हस्तलिखिताची एकच प्रत उरली असता तिच्या समासात आपले श्लोक लिहू नयेत. छापील पोथीवर वाटेल तेवढे लिहावे. कृती तीच असते, पण परिस्थितीने तिचे पुण्यपाप बदलते.

दुसरी अट प्रामाणिकपणाची. अमेरिकेत आता कित्येक हॉट रॉड जुन्या नमुन्याबरहुकूम नव्याने केलेल्या सांगाड्यावर उभारतात. हे उघड सांगितले तर त्यात काही गैर नाही; नव्यास जुने म्हणून विकले तर तो कपटव्यवहार झाला. दोष बदलात नाही, लपविण्यात आहे.

तिसरी अट दुसऱ्याच्या वेदनेची. वऱ्हाडास वेगाचे वेड नवे नाही. शंकरपटात हलक्या छकड्याला जुंपलेली जोडी, तिचा धुरकरी आणि क्षणांचा हिशेब यांवर गावेच्या गावे लोटतात. या शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बंदी घातली, आणि २०२३ साली घटनापीठाने राज्याचा सुधारित कायदा ग्राह्य धरला. परंतु कायद्याने परवानगी दिली म्हणून विवेकाचे काम संपत नाही. बैलाला वेदना आहे, इंजिनाला नाही. म्हणून यंत्राच्या वेगाचा आनंद त्या अंशी अधिक निर्मळ आहे. मात्र तोच वेग भर रस्त्यात, पादचाऱ्यांच्या जिवावर उपभोगला तर ती निर्मळता तत्काळ नाहीशी होते.

सारांश, जतन आणि जीर्णोद्धार हे परस्परांचे वैरी नव्हेत. त्यांची क्षेत्रे निराळी आहेत. जे एकमेव उरले आहे ते जतन करावे, आणि जे लोकांच्या उपयोगाचे आहे ते बदलून चालते ठेवावे. मँचेस्टरच्या इंजिनाचा एक खिळाही बदलू नये. पण मूर्तिजापूर-अचलपूर मार्गावर मात्र उतारूंना आज उपयोगी पडेल अशी गाडी धावली पाहिजे, मग ती कोणत्याही रुळांवरून का धावेना. एवढे मान्य केले, तर प्रदर्शनात उभ्या असलेल्या नव्याजुन्या मोटारीकडे पाहून सुखावणाऱ्या माणसास लाजण्याचे कारण नाही. फक्त त्याने तिच्या रंगाकडे पाहून झाल्यावर, ज्या हातांनी ती दोनदा घडविली त्यांच्या कामाकडेही घटकाभर पाहावे.