तलाकनंतरचा हिशोब : व्यवसायात पत्नीचे काय?

सोमाटणे फाट्यावरून परंदवडीकडे वळले की भातखाचरांच्या शेजारी आता बंगल्यांचे प्लॉट दिसू लागतात. बंगला आला की गेट आले, खिडक्यांचे ग्रिल आले, जिन्याचे कठडे आले. अशा रस्त्यालगत एका मुस्लिम दांपत्याचे फॅब्रिकेशनचे शेड आहे असे समजा. कुटुंब कल्पनेतले आहे, परंतु त्याची कहाणी आपल्या ओळखीची वाटेल. २०१७ साली तीन लाखांवर काम सुरू झाले. एक लाख ऐंशी हजार पतीचे होते. उरलेले एक लाख वीस हजार पत्नीचे चार तोळे सोने मोडून आले. पती वेल्डिंग करी. ती उधारीची वही ठेवी, कारागिरांची हजेरी मांडी आणि गिऱ्हाइकांचे फोन घेई. जीएसटीची नोंद, बँकेचे खाते आणि पाटीवरचे नाव मात्र पतीचे. सोने देताना ते कशासाठी दिले हे तिने सांगितले नाही, त्यानेही विचारले नाही. आज दोघांचा तलाक झाला आहे, आणि जमातीतील वडीलधारी मंडळी विचारत आहेत : या शेडमध्ये तिचे काय?

आधी किमतीचा प्रश्न घेऊ, कारण खोटेपणाला पहिली वाट तेथेच मिळते. एकाच धंद्याच्या एकाच मालकाजवळ तीन किमती असतात. कर्ज मागताना बँकेला सांगायची एक, कर भरताना दाखवायची दुसरी आणि बायकोचा हिस्सा काढताना सांगायची तिसरी. पहिली सर्वांत मोठी, तिसरी सर्वांत लहान. हिशोब ठेवणाऱ्या माणसाला हे सांगण्याची गरज नाही की यांपैकी निदान दोन असत्य आहेत. मापात मारणाऱ्यांविषयी दिव्य कुरआनात एक स्वतंत्र सूरह आहे (सूरह ८३). घेताना पुरेपूर आणि देताना कमी, हा दोष तराजूपुरता मर्यादित नाही.

वास्तविक धंद्याची किंमत काढणे आपल्याला अपरिचित नाही. जकातीसाठी प्रत्येक व्यापारी दरवर्षी विक्रीचा माल त्या दिवसाच्या बाजारभावाने धरतो, रोकड व वसूल होण्याजोगी उधारी मिळवतो आणि देणी विचारात घेतो. वाटणीच्या हिशोबात एवढाच फरक की जकातीतून वगळलेली यंत्रे, अवजारे आणि जागेचे डिपॉझिटही येथे धरावे लागते. आपल्या शेडचेच पाहा. अँगल, पाइप व पत्रा तीन लाखांचा. यंत्रे आज विकली तर चार लाख येतील. येथे खरेदीची जुनी पावतीही चालत नाही आणि भंगाराचा भावही चालत नाही. डिपॉझिट पन्नास हजार, बँकेत एक लाख, उधारी सहा लाख, पैकी एक लाख बुडीत समजावी. एकूण साडेतेरा लाख झाले. लोखंडाच्या व्यापाऱ्याचे देणे तीन लाख आणि कारागिरांची मजुरी पन्नास हजार. गिऱ्हाइकांकडून घेतलेला दोन लाखांचा अॅडव्हान्स पुष्कळदा विसरला जातो, परंतु काम पूर्ण होईपर्यंत ती परक्याची रक्कम आहे. साडेपाच लाख वजा जाता आठ लाख उरतात.

यात धंद्याचे नाव अजून आलेले नाही. जेद्दाह येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९८८ च्या कुवेत अधिवेशनात व्यापारी नाव, पत्ता व चिन्ह हे आर्थिक मूल्य असलेले हक्क आहेत असा ठराव केला. भारतीय भागीदारी कायदाही नावलौकिकाला भागीदारीची मालमत्ता मानतो. पण वेल्डरच्या हातातील कसब हे नावलौकिक नव्हे. ते त्याच्याबरोबर जाते, त्याची वाटणी होत नाही. मावळातील लहान शेडच्या बाबतीत हा आकडा फुगवून मागणे, हाही अन्यायच.

आता खरा प्रश्न. ते चार तोळे काय होते? सोने दिले ती हिबा, म्हणजे भेट असेल, तर तिला काही येणे नाही. पती-पत्नींमधील हिबा परत घेता येत नाही असे हनफी फकीह मानतात. तिने सोने विकून रोख कर्ज दिले असेल, तर एक लाख वीस हजार येणे. सोनेच उसने दिले असेल, तर वजनाला वजन, चार तोळे परत. तीस हजारांच्या आसपास असलेला तोळा आता लाखापुढे गेला आहे, म्हणजे चार लाखांहून अधिक. आणि ते भांडवल असेल तर ती चाळीस टक्क्यांची भागीदार, आठ लाखांतील तीन लाख वीस हजार तिचे. तोटा असता तर त्याच प्रमाणात तोही तिचा. एकच पुडी, एकच दिवस, आणि चार उत्तरे. उत्तर कोणते, हे २०१७ सालच्या एका वाक्यावर अवलंबून आहे, आणि ते वाक्य कोणी उच्चारलेच नाही.

येथे पतीचे नातेवाईक म्हणतात, “काही बोलली नाही म्हणजे देऊनच टाकले.” हा युक्तिवाद घरोघरी चालतो, शरीअतमध्ये तो इतक्या सहज चालत नाही. उस्मानी काळात हनफी फिकहवरून तयार झालेल्या ‘मजल्ला’ या संहितेच्या ६७ व्या कलमाचा आशय असा की गप्प राहणाऱ्याच्या तोंडी कोणतेही विधान घालता येत नाही. मात्र जेथे बोलणे आवश्यक आहे तेथे मौन हेच विधान ठरते. शिवाय फकीहांचा एक प्रसिद्ध नियम आहे : कशासाठी दिले याविषयी वाद झाल्यास देणाऱ्याचे म्हणणे शपथेवर ग्राह्य धरावे, कारण देण्यामागचा हेतू त्यालाच अधिक ठाऊक. म्हणजे भेट होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर येते. पत्नीची मालमत्ता विवाहाने पतीची होत नाही, हे तर प्रारंभापासून स्पष्ट आहे. हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्या पत्नी जैनब (रजि.) यांनी पतीवर खर्च केलेले सदका ठरेल काय असे विचारले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दुहेरी पुण्य सांगितले. तिचे धन पतीचेच असते, तर त्याला ते सदका म्हणून देणार कसे?

सोन्याचे असे निभावते. श्रमाचे कठीण आहे. प्रामाणिकपणे सांगायचे तर हनफी ग्रंथांत पतीच्या धंद्यात राबणारी पत्नी, तिची स्वतंत्र कमाई नसेल तर, मदतनीस मानली जाते आणि मिळकत पतीची. हा निर्णय लपवून केवळ मधुर वचने सांगणे बरे नव्हे. पण उम्मतीत हा एकच विचार झाला नाही. मालिकी ग्रंथांत हजरत उमर (रजि.) यांच्या काळातील हबीबा बिन्त जुरैक यांचा प्रसंग सांगितला जातो. पती कापडाचा व्यापारी, पत्नी कापडावर कलाकुसर करणारी. पतीच्या मृत्यूनंतर वारसांनी कोठाराच्या किल्ल्या घेतल्या, तेव्हा हजरत उमर (रजि.) यांनी अर्धे भागीदारीचे म्हणून तिला दिले आणि उरलेल्यातून वारसा वेगळा दिला. या कथनाच्या आधारावर विद्वानांत मतभेद आहेत. मोरोक्कोत मात्र इब्न अर्दून यांनी डोंगराळ भागातील राबणाऱ्या स्त्रियांना वाट्याचा हक्क असल्याचा फतवा दिला. तेथील २००४ च्या कुटुंब कायद्याचे ४९ वे कलम पती-पत्नींची मालमत्ता वेगळी ठेवूनही, करार नसल्यास प्रत्येकाचे काम व कष्ट लक्षात घ्यायला सांगते. मलेशियातही संयुक्त कष्टाच्या मिळकतीची विभागणी शरई न्यायालये करतात. मला वाटते, मदतनीस हा निर्णय अशा घरासाठी होता जेथे पत्नी अधूनमधून हात लावते. आठ वर्षे वही सांभाळणारी, जिच्याविना उधारी वसूलच होत नाही, तिला त्याच शब्दात बसवणे न्यायाचे नाही. किमान बाजारात मुनिमाला जे वेतन पडते त्याचा विचार करून सुलह करावी. पुरुषांना त्यांच्या कमाईचा व स्त्रियांना त्यांच्या कमाईचा वाटा आहे, असे कुरआन सांगतो (४:३२).

आपल्या देशाच्या कायद्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या दिवाणी कायद्यानुसार, विवाहापूर्वी वेगळा करार नसेल, तर मालमत्ता उभयतांची समाईक असते आणि विभक्त होताना अर्धी-अर्धी होते; गोव्यातील मुस्लिमही त्यातच येतात. महाराष्ट्रात तशी तरतूद नाही. येथे १९८६ च्या कायद्याचे ३ रे कलम महर आणि विवाहाच्या आधी, वेळी वा नंतर नातेवाइकांनी, मित्रांनी वा पतीने तिला दिलेली मालमत्ता मिळवून देते. डॅनियल लतीफी प्रकरणात २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने, पतीने इद्दतीच्या आतच तिच्या पुढील आयुष्यासाठीही रास्त व योग्य तरतूद केली पाहिजे असा अर्थ लावला. पण ही तरतूद म्हणजे धंद्यातला वाटा नव्हे. दोन्ही एकाच आकड्यात दडपून “इतके दिले, सर्व फिटले” म्हणणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. महर वेगळा, तिचे सोने वेगळे, भागीदारी वेगळी, तरतूद वेगळी.

लेखी भागीदारी असेल तर बराच वाद मिटतो. नोंदणी नसलेल्या भागीदारीच्या विसर्जनाचा व हिशोबाचा दावा महाराष्ट्रात एका राज्य दुरुस्तीमुळे अडत असे. ती दुरुस्ती सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली रद्द केली. आणखी एक बाब : भागीदार बाहेर पडला, हिशोब मिटला नाही आणि धंदा चालूच राहिला, तर भागीदारी कायद्याच्या ३७ व्या कलमानुसार त्याला नफ्यातील वाटा किंवा वार्षिक सहा टक्के व्याज यांपैकी एक निवडता येते. मुस्लिम स्त्रीने यातले कोणते निवडावे, हे सांगावयास नको.

आता शेडकडे परत येऊ. आठ लाख म्हणजे यंत्रे आणि उधारी. रोख केवळ एक लाख. आजच रक्कम मोजा असा आग्रह धरला तर यंत्रे विकावी लागतील, कारागीर बसतील आणि मुलांची फी थांबेल. ठरलेल्या हप्त्यांनी, बिनव्याजी, साक्षीदारांसह लिहून घेणे यात दोघांचे हित आहे. उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा म्हणून कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत आहे (२:२८२). तोवर वही कोण पाहणार, हेही त्याच कागदावर यावे. आणि पाटीवर नाव त्याचे असले तरी फोन नंबर तिचा आहे. वडगावापासून शिरगावापर्यंतची गिऱ्हाइके अजूनही त्याच नंबरवर गेटचा भाव विचारतात. त्या नंबरची किंमत काय धरायची, याचा विचार बैठकीत अद्याप कोणी केलेला नाही.