वाट ठाऊक असलेली माणसं

१९ जुलै २०२३ च्या रात्री, मुसळधार पावसात, खालापूर तालुक्यातल्या, डोंगरावरच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकर आदिवासींची घरं मातीखाली गेली. वर गाडीरस्ता नव्हता, यंत्रं पोहोचेनात. तेव्हा परिसरातले गिर्यारोहक आणि गावकरी चिखलातून डोंगर चढले, बचाव पथकांतल्या जवानांच्या बरोबरीनं कुदळ-फावड्यांनी माती उपसू लागले. काहींना जिवंत बाहेर काढता आलं. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ताच राहिले.

मदतीला आधी तेच पोहोचतात, ज्यांना वाट ठाऊक असते. म्हणून आपल्या शिवारातल्या डोंगरउतारावरच्या एखाद्या वाडीवर या आठवड्यात जाऊन या. वाट पाहून ठेवा, माणसांशी ओळख करून घ्या. पावसाळा दरवर्षी येतो. आपली विचारपूस त्याच्या आधी पोहोचू द्या.