दोष कुणाचा, पथ्य कुणाचं?

१६०५ साली बऱ्हाणपुरात अकबराचा मुलगा दानियाल दारूपायी गेला. तिशी नुकती उलटली होती. अकबराच्या धाकामुळे त्याचा सासरा अब्दुर्रहीम खानखाना, दोह्यांमुळे ज्याला आपण रहीम म्हणून ओळखतो तोच, यानं जावयावर कडक पहारा बसवला होता. तरीही दानियालच्या लाडक्या बंदुकीच्या नळीतून दारू आत पोचली. दोनदा गाळलेल्या त्या जहाल दारूत नळीतला गंज उतरला, ती पोटात गेली आणि शाहजादा पुन्हा उठला नाही. जहांगीरनं ही हकिगत आत्मचरित्रात नोंदवली आहे. भावानं त्या बंदुकीला हौसेनं तिरडीचं नाव दिलं होतं, हेही तो सांगतो.

जहांगीर स्वतः दिवसाला वीस प्याल्यांवर गेला होता. हात इतके थरथरत, की प्याला दुसऱ्यानं तोंडाला लावावा लागे. हकीम हुमामनं त्याला तोंडावर सांगितलं, असंच चाललं तर सहा महिन्यांनी इलाज उरणार नाही. मग वर्षावर्षानं कमी करत तो सहा प्याल्यांवर आला. दारू सुटली नाही, पण जीव वाचला.

एक भाऊ सावरला, दुसरा गेला. यात दोष कुणाचा मानायचा?

चरकसंहितेकडे याचं एक उत्तर आहे: प्रज्ञापराध. धी, धृती आणि स्मृती ढळली, की माणूस कळत असूनही नको ते करतो आणि रोग ओढवून घेतो. दानियालला हे तंतोतंत लागू पडतं. पण त्याच ग्रंथाच्या विमानस्थानात वेगळाच प्रश्न आहे. कांपिल्य नगरीत गंगेकाठी फिरताना अग्निवेश गुरू आत्रेयांना विचारतो, की माणसांची प्रकृती, आहार, बळ, वय सगळं निराळं असताना अवघा मुलूख एकाच रोगानं कसा उजाड होतो? आत्रेय सांगतात, हवा, पाणी, भूमी आणि काळ ही सगळ्यांची सामाईक असतात. ती बिघडतात म्हणून. आणि ती बिघडण्याच्या मुळाशी ते अधर्म ठेवतात, ज्याची सुरुवात राज्य चालवणाऱ्यांपासून होते. आयुष्य आधीच ठरलेलं असतं हेही त्यांना मान्य नाही. तसं असतं, तर औषधाचा उपयोगच काय, असं ते विचारतात. मधुमेह झालेल्या माणसाला ‘भोग आहेत’ म्हणून गप्प करणाऱ्यांनी हा अध्याय जरूर वाचावा.

हृदयविकार, कर्करोग, मधुमेह आणि श्वसनाचे जुनाट आजार यांसारखे असंसर्गजन्य रोग मिळून आज जगातल्या दर चार मृत्यूंपैकी जवळजवळ तीन मृत्यूंना कारण होतात. हे रोग एकाकडून दुसऱ्याकडे जात नाहीत, म्हणून ते ज्याचे त्याचे मानले जातात. जिभेवर ताबा नव्हता, व्यायाम केला नाही, भोगा आता. पण दुकानात कोणतं तेल स्वस्त मिळतं, शाळेबाहेर कसल्या पुड्या लटकतात, कारखान्यात काय हुंगावं लागतं, हे एकट्या माणसाच्या हाती कुठं असतं?

मॉरिशसचं उदाहरण इथं फार मोलाचं आहे. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मजुरीसाठी गेलेल्या मराठी माणसांचे वंशज या बेटावर राहतात. बेटावर मधुमेह आणि हृदयविकार फार. १९८७ साली तिथल्या सरकारनं रेशनच्या स्वयंपाकाच्या तेलातलं पामतेल काढून त्याजागी मुख्यतः सोयाबीन तेल आणलं. पाच वर्षांत लोकांच्या रक्तातलं सरासरी कोलेस्टेरॉल उतरलं. कुणाला व्रत घ्यावं लागलं नाही, घरात वाद झाला नाही, कढई तीच राहिली. मधुमेह मात्र हटला नाही. तेल बदललं तरी रोजचं बाकीचं ताट आणि बसून राहणं उरलंच.

बऱ्हाणपूरला हे परकं वाटू नये. जावयासमोर हरलेल्या त्याच खानखानाच्या नावे शहरात १६१५चा कुंडी भंडारा आहे. सातपुड्यातून तापीकडे झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांत अडवून, शंभराहून अधिक कुंड्यांमधून, केवळ उतारावर शहरात आणलं. एका माणसावरचा पहारा फसला. सगळ्यांसाठीचं पाणी चारशे वर्षं वाहतं आहे. २०२२ मध्ये घरोघर नळाचं पाणी पोचलेला देशातला पहिला प्रमाणित जिल्हा म्हणून बऱ्हाणपूरचंच नाव लागलं.

तरी सगळं सरकारवर सोपवून भागत नाही, आणि इथं धर्माचा अनुभव कामी येतो. तापीकाठच्या या पट्ट्यात मुक्ताईला जाणारा वारकरी तुळशीची माळ घालतो, तेव्हा दारू सोडतो. ही माळ टिकते ती मनोबळावर, आणि दिंडीतल्या लोकांना ती दिसते म्हणूनही. दानियालभोवती पहारेकरी होते, सोबती नव्हते. अर्थात धर्माचं प्रत्येक पथ्य देहाला मानवतंच असं नाही. साबुदाणा, बटाटा आणि शेंगदाण्याच्या कुटावर निघालेली एकादशी मधुमेह्यासाठी उपास ठरत नाही, हे कीर्तनातूनच सांगितलं जायला हवं. मावा जिलबी आणि दराबा तर बऱ्हाणपूरचा अभिमान. ती ताटातून घालवायची गरज नाही. ती सणाची राहिली तरी पुरे.

खरी कसोटी शहरातल्या यंत्रमागाशी लागते. दिवसभर खडखडाटात, सुताच्या धुळीत उभं राहून, झोप मारायला तंबाखू मळणाऱ्या कामगाराला ‘पहाटे फिरायला जा’ म्हणून सांगणं अन्यायाचं आहे. त्याची हवा आधी नीट करावी लागेल: धूळ ओढून घेणारे पंखे, मधली सुट्टी, फुप्फुसांची वेळेवर तपासणी. हा मागमालकाचा धर्म आहे. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३च्या कायद्यानं बंदी आहे. ते अंतर प्रत्यक्ष मोजून घेणं महापालिकेचं काम आहे, आणि मंदिर, मशीद, गुरुद्वाऱ्याच्या विश्वस्तांनी त्यासाठी एकत्र उभं राहायला काहीच हरकत नाही.