पाच टक्क्यांची रेघ

विल्यम गॉसेट १८९९ साली डब्लिनच्या गिनेस बीअर कारखान्यात रुजू झाले. सातूचं कोणतं वाण चांगलं हे ठरवायला त्यांच्या हाती मोजक्याच नोंदी असत, आणि संख्याशास्त्राची तेव्हाची सूत्रं होती ढीगभर नोंदींसाठी. चार नोंदींच्या सरासरीवर भरवसा किती ठेवायचा? गॉसेटांनी तीन हजार कैद्यांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी कार्डांवर उतरवली, कार्डं पत्त्यांसारखी पिसली, चार-चारचे ७५० गट पाडले आणि आपलं गणित त्यांच्याशी ताडून पाहिलं. १९०८ साली 'स्टुडंट' या टोपणनावाने लेख आला. आजची टी-चाचणी निघाली ती त्यातूनच.

त्याच लेखात झोपेच्या दोन औषधांचं उदाहरण आहे. दहा रुग्ण, प्रत्येकाला दोन्ही औषधं. पहिल्याने झोप सरासरी ०.७५ तास वाढली, दुसऱ्याने २.३३. (औषधांची नावं गॉसेटांनी चुकीची लिहिली आणि ती चूक पुढे पुस्तकांतही उतरली, आकडे मात्र शाबूत राहिले.) आता हे दहा-दहा वेगवेगळे लोक समजून चाचणी लावली, तर असा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता आठ टक्क्यांच्या आसपास येते. पण माणसं तीच आहेत. कुणाची झोप मुळातच गाढ, कुणाची सावध. तो गोंधळ प्रत्येकाच्या दोन आकड्यांची वजाबाकी केली की गळून पडतो. दहापैकी नऊ जणांना दुसऱ्या औषधाने जास्त झोप लागली, एकाला फरक शून्य. आता शक्यता उरते ०.३ टक्के. सरासऱ्या त्याच, निकाल उलटा.

उलटा कशाच्या हिशेबाने? पाच टक्क्यांच्या: शक्यता त्याखाली आली तर फरक खरा धरायचा. ती रेघ संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांची. १९२५ च्या पुस्तकात त्यांनी ती सोयीची म्हणून सुचवली, आणि कोष्टकंही ठरावीक टक्क्यांचीच छापली. छापलेलं कोष्टक भल्याभल्यांचा विचार थांबवतं, असं माझं मत. गॉसेटांना अशी एकच रेघ मान्य नव्हती. खात्री किती हवी ते नफा-तोट्यावर ठरावं, असं त्यांनी १९०५ सालीच संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांना कळवलं होतं. कारखान्यातला माणूस, दुसरं काय सांगणार?

कार्ल यांचे चिरंजीव एगॉन आणि येर्झी नेमन यांनी १९३३ साली हाच धागा पुढे नेला: नसलेला फरक आहे म्हणणं ही एक चूक, असलेला हुकणं ही दुसरी, दोन्हींची किंमत आधी मांडा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांच्याकडे शिकलेल्यांत साताऱ्याकडच्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे होते. त्याच इमारतीत फिशरही होते, आणि दोन्ही गटांचं विळ्याभोपळ्याएवढं सख्य. पाठ्यपुस्तकांनी मात्र दोघांची खिचडी केली: शून्य परिकल्पना (फरक नाहीच हे गृहीत) मांडा, पी-मूल्य (योगायोगाची ती शक्यता) काढा, ०.०५ च्या खाली आलं की 'सार्थ' लिहा. फरक केवढा, हा प्रश्न मागेच पडला. अखेर २०१६ साली अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला निवेदन काढून सांगावं लागलं की पी-मूल्यावरून परिणामाचा आकार कळत नाही.

झोपेच्या उदाहरणात तो आकार काढता येतो. दुसऱ्या औषधाची सरस झोप सरासरी १.५८ तास, आणि ९५ टक्के विश्वासाची कक्षा सुमारे ०.७ ते २.५ तास. कदाचित पाऊणच तासाच्या जादा झोपेसाठी महागडं औषध घ्यावं का, ते डॉक्टर आणि रुग्णाने बसून ठरवायचं.