आगाऊ फेडलेले ऋण

सुरतेत तीन-चार पिढ्या काढलेल्या आपल्या मराठी कुटुंबांत प्रवासाची कारणे मोजकीच असत. देशावर किंवा कोकणात लग्नमुंजीला जायचे, कुलदैवताला जायचे, आणि वय झाल्यावर काशी-रामेश्वर करायचे. समुद्र पाहायचा तो डुमसचा, आणि तेथूनही भजी खाऊन अंधार पडायच्या आत घरी परतायचे. या मंडळींत अलीकडे एक निराळाच बेत ऐकू येऊ लागला आहे. कोणी निवृत्त प्राध्यापक, कोणी मुले परदेशी स्थायिक झालेल्या विधवा बाई, दमणच्या किंवा गोव्याच्या किनाऱ्यावरील एखाद्या रिसॉर्टमध्ये चार दिवस एकट्याने राहून येतात. खोली, न्याहारी, दोन्ही वेळचे जेवण, चहा, पोहण्याचा तलाव, सारे एका रकमेत. आणि ती रक्कम घरून निघण्यापूर्वीच भरलेली. परतल्यावर वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न ‘कसे होते?’ हा नसतो, ‘कोणाबरोबर गेला होतात?’ हा असतो. ‘कोणाबरोबर नाही’ या उत्तरानंतर बैठकीत जी शांतता पसरते, तिच्यात एक नैतिक निवाडा दडलेला असतो. तो निवाडा कितपत योग्य आहे, याचा विचार आम्हांला येथे करावयाचा आहे.

आक्षेप खर्चाला नाही. खाण्यावर खर्च करणाऱ्याला सुरतेने कधी दोष दिलेला नाही. ‘सुरतचे जेवण आणि काशीचे मरण’ ही म्हण गुजरातीतून आपल्याही घरांत रुळली आहे. आक्षेप आहे तो एकट्याने खाण्याला, आणि कोणाचेही काही देणे न लागता खाण्याला. त्यामागे फार जुना विचार उभा आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील ११७ वे सूक्त दानाचे आहे, आणि एकट्याने खाणारा केवळ पापच खातो, असा त्यातला आशय आहे. शतपथ ब्राह्मणात देव, ऋषी आणि पितर यांच्या ऋणांबरोबर मनुष्यऋण सांगितले आहे. माणसांना आश्रय आणि अन्न दिल्याने ते फिटते. या दृष्टीने पाहिले तर अतिथीला यजमानाची जितकी गरज, तितकीच यजमानाला अतिथीची. पैसे आगाऊ भरून आलेला पाहुणा समोरच्याला हे ऋण फेडण्याची संधीच देत नाही. तो अतिथी उरत नाही, ग्राहक होतो. वडीलधाऱ्यांना हे शास्त्रवचनांनिशी सांगता येत नसेल, पण त्यांच्या शांततेचा अर्थ हाच असतो.

आता ही ‘ऑल इन्क्लुझिव्ह’ राहणी आली कोठून, हेही पाहिले पाहिजे. जेरार्ड ब्लिट्झ या बेल्जियन गृहस्थाने १९५० साली स्पेनच्या मायोर्का बेटावर अल्कुदिया येथे तंबू ठोकून ‘क्लब मेडिटरेनी’ सुरू केला. जेवण, राहणे, खेळ हे सारे एकाच वर्गणीत. पुढे मद्यालयात पैशांऐवजी गळ्यातल्या माळेतले मणी द्यायची प्रथा तेथे पडली. पोहण्याच्या पोशाखाला खिसा नसतो, हे त्यामागचे साधे व्यवहारज्ञान. अनोळखी माणसे तेथे एका मेजावर पंगतीसारखी बसत, आणि सेवकवर्गही त्यांच्यात बसून जेवत असे. युद्धाने विस्कटलेल्या युरोपातील एकट्यादुकट्या माणसाला तो आसरा होता. पण ही कल्पना कॅरिबियन समुद्रात पोहोचली तेव्हा तिने रूप पालटले. १९८१ साली जमैकातील माँटेगो बे येथे ‘सँडल्स’ निघाले, ते केवळ जोडप्यांसाठी. आपल्याकडील हॉटेलांच्या दरपत्रकातही दर माणशी छापलेला असला, तरी तो ‘ट्विन शेअरिंग’च्या अटीवर असतो. एकटा माणूस गेला तर दुसऱ्या, रिकाम्या पलंगाचेही भाडे बहुतेक त्याच्याच माथी येते. सीतेच्या अनुपस्थितीत रामाला अश्वमेधासाठी तिची सुवर्णप्रतिमा करवून घ्यावी लागली होती. जोडीवाचून यज्ञ नाही, तसे जोडीवाचून पॅकेज नाही. प्रतिमेचा खर्च मात्र सोसावा लागतो.

आपल्या परंपरेत एकट्या माणसाच्या अन्नवस्त्राची सोय कशी होती? परगावी शिकायला गेलेला गरीब विद्यार्थी वार लावून जेवत असे: सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असा आठवडा भरायचा. पैसा लागत नसे, पण इतर बरेच काही लागे. गोत्र सांगावे लागे, पाठ म्हणून दाखवावा लागे, घरच्या बाईची दोन कामे करावी लागत, आणि ताटात पडेल ते निमूट गिळावे लागे. जुनी आत्मचरित्रे वाचणाऱ्यांना या जेवणाची कृतज्ञता जशी आठवते, तसा त्यातला डंखही आठवतो. तेथे ऋण होते खरे, पण ते फिटावे अशी यजमानाची इच्छा नेहमीच असे, असे म्हणवत नाही.

याहून उदार रूप आपल्यापासून फार दूर नाही. नर्मदेची परिक्रमा करणारा दक्षिण तटाने चालत भरूच जिल्ह्यातील हांसोट तालुक्यात विमलेश्वरच्या बाजूला समुद्रापाशी येतो. नदी ओलांडायची नाही हा नियम असल्यामुळे तिचे मुख नावेने समुद्रातून वळसा घालून पार करायचे, आणि पलीकडे मिठी तलाईला उतरायचे. नाव भरती-ओहोटीच्या तंत्राने सुटते, म्हणून तेथे थांबणे आले. खंबातच्या आखाताच्या काठी, वाळू-चिखलाच्या त्या किनाऱ्यावर, कोणी एकटा मराठी परिक्रमावासी सदाव्रताचे अन्न खात दिवस काढतो. राहणे-जेवणे सारे त्यात आले. हाही समुद्रकिनाऱ्यावरचा मुक्कामच आहे, फक्त किंमत कोणी सांगत नाही. परिक्रमावासी मिळेल ते घेतो, मागणे हा त्याच्या व्रताचाच भाग असतो, आणि घेतलेले फेडता येणार नाही हे तो जाणून असतो. रिसॉर्टच्या पाहुण्याला नेमके हेच नको असते. त्याला मागावे लागू नये, एवढ्यासाठीच त्याने पैसे मोजलेले असतात.

येथवर आल्यावर वडीलधाऱ्यांचा निवाडा मान्य करून लेख आटोपता घ्यावा, असे वाटण्याजोगे आहे. पण एक प्रसंग तसे करू देत नाही, आणि तो आपल्याच गुजरातेत घडलेला आहे.

१९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातील शिक्षणानंतर बडोद्याला आले. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते शिकले होते, आणि करारानुसार संस्थानची नोकरी करून ते देणे त्यांना फेडायचे होते. ते उतरणार कोठे? हिंदू हॉटेलांत अस्पृश्याला थारा नव्हता. एक पारशी विश्रामगृह होते, पण तेथे पारशांखेरीज कोणाला ठेवून घेत नसत. रखवालदाराला उत्पन्न हवे होते; त्याच्या संमतीने वहीत पारशी नाव लिहून, राहणे-जेवणे मिळून रोजचा दीड रुपया ठरवून, ते तेथे राहिले. वरच्या मजल्यावर ते एकटे होते. बाजूचे मोठे दालन मोडक्या सामानाने भरलेले, आणि उजेड मिणमिणता. रखवालदार चहा आणि जेवण घेऊन वर येई तेवढाच, बोलत बसत नसे. बोलायला माणूस मिळावा म्हणून आपला जीव तळमळत असे, असे त्यांनी पुढे आठवणींत लिहून ठेवले आहे. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेला पारशांचा जमाव आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास त्याने बजावले. दोन मित्रांची दारे ठोठावली, एक हिंदू, एक ख्रिस्ती; आसरा मिळाला नाही. रात्रीच्या मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाठी बागेत बसून राहिले.

सारे समाविष्ट असलेला दर आणि एकटा प्रवासी, दोन्ही येथे होते. दीड रुपया तेथे पुरला नाही, कारण पैशांपलीकडे वहीत एक प्रश्न होता: तुम्ही कोण? ज्या सदाव्रतांचा आणि वारांचा आपण अभिमान बाळगतो, त्यांच्या दारातही हा प्रश्न उभा असे, आणि त्याचे उत्तर चुकले तर पुढचे ताट नसे. आपल्या पणजोबांच्या पिढीला तो जाचला नाही, कारण त्यांचे उत्तर बरोबर होते. तेव्हा पैसे भरले की कोणी काही विचारत नाही, या व्यवस्थेला केवळ उथळ म्हणता येत नाही. काहींच्या दृष्टीने ती चैन असेल, पण अनेकांना न विचारले जाणे हा फार उशिरा मिळालेला हक्क आहे. ओळखपत्र पाहून कपाळाला आठी घालणारे कारकून आजही भेटतात, हा भाग निराळा.

बाईमाणसाचा विचार केला म्हणजे निवाडा आणखी डळमळतो. एकट्याने खाणाऱ्याला दोष देणारे ते सूक्त घरच्या कर्त्या पुरुषाला, ज्याच्या हाती अन्नाचे वाटप आहे त्याला, उद्देशून आहे, असे आम्हांला वाटते. आपल्या घरांत एकट्याने कोण खात असे? पुरुषांची पंगत, मग मुले, मग वृद्ध; शेवटी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, निवलेली आमटी आणि उरलेली पोळी घेऊन बसणारी बाई. तिचे एकटे जेवण कोणी पाप मानले नाही, कारण ते कोणी पाहिलेच नाही. चाळीस वर्षे असे जेवलेल्या बाईंनी साठी उलटल्यावर चार दिवस दुसऱ्याने रांधलेले, गरम, स्वतःला हवे ते आणि हवे तेव्हा खाल्ले, समोर समुद्र ठेवून खाल्ले, तर मनुष्यऋणाच्या वहीत त्यांच्या नावावर बाकी निघेल की त्यांचेच येणे निघेल? तो बहुधा भाताच्या ढिगाऱ्यांचा आणि गोड कढीचा सामान्य बुफे असतो, ही गोष्ट गौण आहे.

तरीही ‘सारे समाविष्ट’ या शब्दांवर आमचा विश्वास बसत नाही. जे समाविष्ट नसते ते कुंपणाबाहेर असते, आणि कुंपण कोठे घालायचे हे पाहुणा ठरवत नाही. समुद्र कोणाच्या दरपत्रकात बसत नाही. १९९१ च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेत दोन किनारी हॉटेलांच्या मध्ये, लोकांना किनाऱ्यावर जाता यावे म्हणून, निदान २० मीटर मोकळी वाट ठेवण्याचे बंधन घातलेले होते. गोव्यात दोना पावलाजवळच्या वायंगिणी किनाऱ्याची वाट एका मोठ्या हॉटेलच्या बांधकामाने अडली, आणि ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. जानेवारी २००९ मध्ये न्यायालयाने वाट मोकळी करण्याचा निकाल दिला. शासन अशा संपत्तीचे विश्वस्त आहे, मालक नाही, हे त्यात स्पष्ट केले. त्यानंतर राज्य शासनाने कायद्यातच बदल करून ते बांधकाम वाचवण्याची तजवीज केली. शांत एकान्त विकत घेणाऱ्याला हा इतिहास खोलीत ठेवलेल्या माहितीपुस्तिकेत सापडणार नाही.

आणि माणसे? चहावाला, रिक्षावाला, नारळ सोलणारा, वाट सांगणारा. एकट्या प्रवाशाची सोबत ती हीच. त्याला दिवसातून दहा वेळा तोंड उघडावे लागते, घासाघीस करावी लागते, सुट्या पैशांसाठी ताटकळावे लागते. आगाऊ पैसे भरून तो या कटकटीतून सुटतो, आणि तिच्याबरोबर तिच्यातली माणसेही जातात. जोडप्याला हे जाणवत नाही, एकट्याला तिसऱ्या दिवशी जाणवते. बडोद्याच्या त्या माडीवरचा रखवालदार येथे गणवेश घालून असतो, हसतोही. पण ताट ठेवून निघून जाणे हे त्याच्या कामाचेच स्वरूप आहे, कारण त्याच्याही वेळेचा हिशेब त्या एकाच रकमेत धरलेला असतो.

दमणच्या देवका किनाऱ्यावर २०२३ मध्ये ‘नमो पथ’ हा समुद्रालगतचा रस्ता खुला झाला. तेव्हापासून तेथे हॉटेलांच्या आणि पाण्याच्या मधून गाव, पर्यटक, शेंगदाणेवाले असे सारे फिरत असते. आमच्या परिचयाच्या एक बाई गेल्या हिवाळ्यात त्या किनाऱ्यावर चार दिवस एकट्या राहून आल्या. त्यांना जेवण बरे वाटले, समुद्र ओहोटीला फार दूर जातो असे वाटले. त्यांनी बोलण्यासारखी सांगितली ती एकच गोष्ट. खोली झाडायला येणारी मुलगी व्यवस्थापकाशी गुजराती बोले, पण बाहेर व्हरांड्यात आपल्या जोडीदारणीशी जे बोले ते बाईंना अर्धेअधिक समजत होते. मुलगी धरमपूरकडची, कोकणा समाजाची निघाली. वलसाड जिल्ह्याच्या डोंगराळ भागातून मजुरीला किनाऱ्याकडे उतरणाऱ्यांपैकीच ती एक. तिची बोली आपल्या मराठीची सख्खी शेजारीण. सुरतेत शंभर वर्षे राहूनही आपण तिच्याकडे कधी कान दिलेला नाही. दुसऱ्या दिवसापासून बाई खोली आवरायच्या वेळी मुद्दाम आत थांबू लागल्या. चादरीचे एक टोक स्वतः धरू लागल्या, तेव्हा मुलगी आधी घाबरली, मग बोलू लागली. तिने गावचे, नागलीचे, लहान भावाच्या शाळेचे सांगितले. पगार किती ते तिने सांगितले नाही, आणि बाईंनीही विचारले नाही.